उजव्या शाफ्टमधली भेग

मित्रांनो, मी एक जुना डिफरन्शियल आहे आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा लोखंडाचा गोळा सगळ्यांकडे वाकड्या नजरेने का पाहतो, असे तुम्ही पुढे विचारायला नको.

गाडीच्या मागच्या बाजूने पोटाखाली वाकून पाहिलेत, तर दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा फुगीर गोळा दिसतो. तो मी. माझ्या दोन्ही बाजूंनी हातासारख्या दोन नळ्या निघतात आणि प्रत्येक नळीतून एकेक पोलादी शाफ्ट चाकापर्यंत जातो. इंजिनाचा सगळा जोर एका लांब दांड्यातून माझ्या पोटात येतो. तिथे पिनियन नावाचे लहान दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवते आणि मी तो जोर वळवून दोन्ही चाकांना वाटून देतो. इंजिनाचे कौतुक सगळे करतात. त्याचा जोर रस्त्यापर्यंत कोण पोचवतो, हे कोणी विचारत नाही.

माझा जन्म १९६६ सालचा. कारखान्यात एका माणसाने माझ्या दातांना पिवळा रंग लावला, ते एकमेकांवर फिरवले, रंग कुठे पुसला गेला ते पाहिले आणि 'बसला' म्हणून शिक्का मारला. मग तो लगेच पुढच्याकडे वळला. इतक्या घाईत मारलेल्या शिक्क्यावर मी तेव्हाही विश्वास ठेवला नव्हता.

इंडियानातल्या एव्हरेट बॉग्ज नावाच्या शेतकऱ्याच्या पिकअप गाडीखाली मला बसवले. ओल्या शेतातून ओढायचे म्हणून त्याने मुद्दाम थोरल्या मापाचा, दोन्ही चाकांना एकदम जोर देणारा डिफरन्शियल मागवला होता. तेरा वर्षे मी त्याचा मका ओढला, सोयाबीन ओढले, जत्रेच्या स्पर्धेला जाणारी डुकरेही ओढली. एव्हरेट सगळ्यांना सांगायचा, "त्याला काही होत नाही." पहिली काही वर्षे मला हे ऐकून बरे वाटे. पुढे लक्षात आले की हे वाक्य बोलून झाले की तो माझे तेल बदलायचे टाळतो. तेव्हापासून कोणी स्तुती केली की मी आधी विचार करतो, याला माझ्याकडे दुर्लक्ष तर करायचे नाही ना?

एका मार्च महिन्यात मक्याने भरलेला गाडा मागे जोडलेला असताना आमची चाके चिखलात रुतली. एव्हरेटने पाय दाबला. चाके नुसती गरगर फिरत होती आणि अचानक उजवे चाक एका दगडावर पकडले गेले. सगळा जोर एका झटक्यात उजवीकडे गेला. त्याच क्षणी माझ्या उजव्या शाफ्टमध्ये, चाकाजवळ, बेअरिंगच्या बरोबर खाली, 'टिक्' असे काहीतरी झाले.

गाडी बाहेर निघाली. एव्हरेटने खाली उतरून मागची फळी थोपटली. "शाब्बास!"

ते 'टिक्' मी गिळून टाकले. कारखान्याच्या शिक्क्यावर संशय घेणारा मी, एव्हरेटच्या शब्दांवर संशय घेणारा मी. पण स्वतःवर संशय घ्यायचे माझे राहून गेले. पुढे जे घडले, त्यात माझाही वाटा होता तो इतकाच.

काही महिन्यांनी पिकअपचे इंजिन कायमचे बसले आणि मी ओपल रड नावाच्या म्हातारीच्या भंगारखान्यात येऊन पडलो. आठ वर्षे गवतात होतो. नळीच्या तोंडाशी गांधीलमाश्यांनी घर केले. येणारी गिऱ्हाइके मला बुटाने ढोसून पुढे जात. क्रेन हलली की वाटे, आज आपण भट्टीत जाणार.

मे महिन्यात एक उंच बाई आली. चाळिशीची, केस रुमालात बांधलेले, डाव्या मनगटावर लांब ताजा व्रण. तिचे नाव नॅडीन योकम.

"मागचा डिफरन्शियल हवाय. थोरला," ती म्हणाली. "आणि ओपलबाई, खोटं बोलायचं नाही."

ओपलने तोंडातली काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "पोरी, चाळीस वर्षं भंगार विकतेय मी. खोटं बोलता आलं असतं तर नवा माल नसता विकला?"

"हा कुणाचा?"

"एव्हरेट बॉग्जचा. देवमाणूस. एक रविवार चर्च चुकवलं नाही."

"तो जात असेल चर्चला. ह्याला कसं वागवलंय ते सांगा."

मित्रांनो, आठ वर्षांत पहिल्यांदाच मला कोणीतरी नीट पाहिले. तिने पिनियन हाताने हळूहळू फिरवला आणि किती ढिला आहे ते बोटांनी अजमावले. बूच उघडून तेलाचा वास घेतला. आत लोहचुंबक घालून चुरा लागतो का ते पाहिले. मग विजेरी तोंडात धरून क्राऊनचे दात मोजले, सदतीस. पिनियनचे नऊ. पुन्हा मोजले.

ओपल कंटाळली. "लग्नाआधी नवऱ्याला एवढा तपासला होतास का ग?"

नॅडीन हसली नाही. "नाही. तिथंच चुकलं."

 मी मनात नोंद केली. या बाईच्या घरी काहीतरी बिनसले आहे.

तिच्यासमोर आणखी दोन पर्याय होते, ते तिने ओपलला बोलून दाखवले. एक होता दुकानातून येणारा कोराकरकरीत, पण तो चार महिन्यांनी मिळणार होता. दुसरा शेजारच्या परगण्यातल्या एका माणसाकडचा, पण तो माणूस फोनवर फार गोड बोलत होता. "गोड बोलणाऱ्याकडून मी आता खिळासुद्धा घेत नाही," ती म्हणाली. शेवटी तिने मला निवडले, कारण माझ्यात पिनियन दोन्ही टोकांनी धरलेला आहे. लहान डिफरन्शियलमध्ये तो एकाच बाजूने धरलेला असतो. जोर वाढला की तो क्राऊनपासून दूर ढकलला जातो, मग दात नुसते टोकांवर भिडतात आणि तुटतात. तिच्या गाडीचा जोर साडेपाचशे अश्वशक्तीचा होता. ती गाडी म्हणजे १९६८ सालची दोन दारांची लाल कूपे. इकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. दिसायला घरगुती गाडी आणि पुढच्या झाकणाखाली राक्षस.

पिकअपच्या मापाचा मी कूपेला रुंद पडत होतो. म्हणून वेल्डिंगवाल्याने माझ्या नळ्या कापून आखूड केल्या आणि शाफ्टही आतल्या टोकाकडून आखूड करून त्यांना नवे दात पाडले. बाहेरचे टोक, जिथे बेअरिंग होते, तिथे कोणी हात लावला नाही. बेअरिंग गुळगुळीत फिरत होते. नॅडीननेही ते फिरवून पाहिले आणि ठीक म्हणून सोडून दिले. इतक्या सावध बाईकडून तेवढेच एक सुटले.

तिच्या गॅरेजमध्ये मला कळले की संशय खरा काय असतो.

नॅडीन टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात मुकादम होती. तिचा नवरा डेलबर्ट सहकारी दुकानात ट्रॅक्टर नि नांगर दुरुस्त करायचा. रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा माणूस. इतकी वर्षे ते दोघे मिळून गाडी बांधत आणि नॅडीन ती शर्यतीत चालवी. आता तो गॅरेजच्या दारापर्यंत यायचा आणि चौकटीला टेकून उभा राहायचा.

"वरचं टोक धरू का?"

"नको."

"जड आहे."

"मला माहितीये किती जड आहे ते."

मग तो आत जाऊन एकट्यानेच सूप गरम करायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चमच्याचा आवाज यायचा. ती खडकावर हातोडा पडावा तशी काम करत राहायची.

कोपऱ्यात गोणपाटाखाली गाडीचा पहिला डिफरन्शियल पडला होता, फुटलेला. गेल्या सप्टेंबरात हॅडली क्रॉसिंगच्या पट्टीवर, पाव मैलाची शर्यत संपता संपता तो मोडला. मागची चाके अडकली, गाडी आडवी झाली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. नॅडीनच्या मनगटाची दोन हाडे मोडली. आत अजून पोलादाची पट्टी आहे.

एके दिवशी घरात कोणी नसताना तिने गोणपाट बाजूला केले आणि त्या फुटक्या गोळ्यावर नखाने खरवडले. वरचा काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला. खाली लाल रंगाचे शिंतोडे होते, गाडी रंगवताना उडालेले, जुने. ती बराच वेळ तिथे उकिडवी बसून राहिली.

मला त्यातून काय समजायचे ते मी समजलो. इंजिन वाढवले, तेव्हा मागचा डिफरन्शियलही मोठा बसवायचे ठरले होते आणि ते काम डेलबर्टकडे होते. 'बसवला' असे त्याने सांगितले होते. पण नव्या भागावर जुने शिंतोडे कुठून येतील? तिला हा संशय अपघातापासूनच असावा. तिने विचारले नव्हते आणि तो बोलला नव्हता. मी तर तेव्हाच मनाशी पक्के केले की हा माणूस धोक्याचा आहे.

जुलैत तिने माझे दोन्ही शाफ्ट सिमेंटच्या फरशीवर उतरवून ठेवले. डावा ठेवला तेव्हा 'टणण्' असा लांब आवाज झाला. उजवा ठेवला तेव्हा नुसते 'थड्'. चौकटीत उभ्या डेलबर्टने मान एकदम वर केली.

"काय?" नॅडीनने विचारले.

"काही नाही."

त्या 'काही नाही'चा मला फार संशय आला. तुम्हीच सांगा, येणार नाही? तीन आठवडे तो रोज दारात यायचा, माझ्या उजव्या बाजूकडे पाहायचा आणि परत जायचा. एकदा त्याने बोलायला तोंड उघडले. नॅडीन म्हणाली, "डेल, या वेळी ह्याला फक्त मी हात लावणार. समजलं?" त्याने तोंड मिटले.

ऑगस्ट आला. टोमॅटोचा हंगाम जोरात सुरू झाला. नॅडीन पहाटे जायची आणि अंगाला आंबट वास घेऊन संध्याकाळी परतायची. मी गाडीखाली बसलो होतो. तेल भरले होते. शर्यत चार आठवड्यांवर होती.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर डेलबर्ट एकटाच गॅरेजमध्ये आला. दार त्याने आतून ओढून घेतले. गाडी मागून उचलली. उजवे चाक काढले, चार नट सोडले आणि माझा उजवा शाफ्ट ओढून बाहेर घेतला. मग त्याने छिन्नी नि हातोडी उचलली आणि बेअरिंग धरून ठेवणाऱ्या कड्यावर घाव घालायला सुरुवात केली.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर सारे गाव गोळा केले असते. आता दुसऱ्यांदा! मला वाटले, मागच्या वेळी मनगट मोडले, या वेळी हा तिची मान मोडणार. एव्हरेटच्या शेतातले ते 'टिक्' मला त्या वेळी आठवलेसुद्धा नाही. दुसऱ्यावर संशय घेताना स्वतःचे आठवत नाही.

कडे तुटले. बेअरिंग निघाले. आणि तेवढ्यात दार उघडले.

कारखान्याचा बॉयलर बंद पडला होता, म्हणून दोन वाजताच सगळ्यांना सोडले होते. नॅडीन दारात उभी होती, हातात जेवणाचा डबा. तिला गाडी वर उचललेली दिसली, चाक बाजूला पडलेले दिसले आणि नवऱ्याच्या हातात छिन्नी दिसली.

ती ओरडली नाही. डबा खाली ठेवला.

"मागच्या वेळी पण असंच केलंस ना?"

डेलबर्ट उभा राहिला. "मागच्या वेळी काहीच केलं नाही मी. तोच गुन्हा माझा."

"सरळ बोल."

"मोठा आणलाच नाही. जुनाच धुतला, काळा रंगवला आणि परत लावला. तुला सांगितलं, नवा आहे."

नॅडीनने भिंतीला हात टेकला. "का?"

"मला वाटलं, निघतानाच तुटेल. सुटायच्या रेषेवर. खट्ट होईल, गाडी जागच्या जागी बसेल, चार लोक हसतील, तू वैतागशील आणि सोडशील हा नाद." त्याने छिन्नी खाली टाकली. "तीन फेऱ्या टिकला तो, नॅडीन. तीन! प्रत्येक फेरीनंतर मनात म्हणत होतो, आता सांगावं. आणि चौथीला... शेवटाला जाऊन तुटला."

"म्हणजे मी वेडी नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"अकरा महिने! अकरा महिने मी रात्रंदिवस म्हणतेय, नॅडीन, तुझं डोकं फिरलंय. आपल्या माणसावर असा संशय घेतेस, लाज वाटू दे. देवासमोर बसून माफी मागितलीय मी तुझ्याबद्दल वाईट मनात आणल्याची. आणि तू समोर बसून सूप पीत होतास!"

 डेलबर्टने हातातला शाफ्ट पुढे केला. "मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. आधी हे बघ. इथे भेग आहे."

तिने हात पुढे केला नाही. "असणारच. आत्ता घाव घालत होतास ना."

"मी कड्यावर मारत होतो. भेग जुनी आहे. जुलैत तू खाली ठेवलास तेव्हा आवाज ऐकला मी. बद्द वाजला."

"आणि तीन आठवडे गप्प?"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग! तरी सांगायचं असतं!"

  मग डेलबर्टने शाफ्ट बाकावर ठेवला, रॉकेलचा डबा, फडके आणि खडू तिच्या बाजूला सरकवले आणि स्वतः चार पावले मागे गेला. "माझ्यावर ठेवू नकोस विश्वास. तूच कर."

नॅडीनने आधी बाह्या वर केल्या. मग तिने जे केले त्याचे मला अजून नवल वाटते. तिने उजव्या शाफ्टला हात लावलाच नाही. गाडीखाली शिरून डावा शाफ्ट बाहेर काढला, त्याचे बेअरिंग स्वतः फोडून उतरवले आणि पहिल्यांदा त्यालाच रॉकेल चोळले. कोरडा पुसला. वर खडूची पूड उडवली. पांढरा स्वच्छ राहिला. खडू प्रत्येक शाफ्टवर रेघ दाखवतो की काय, हे तिला आधी पाहायचे होते.

मग उजवा. रॉकेल, फडके, खडू. ती वाट पाहत राहिली. हळूहळू त्या पांढऱ्यात केसाएवढी एक काळी रेघ उमटली. भेगेत शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. रेघ शाफ्टभोवती अर्धी फिरली आणि थांबली.

ते माझे 'टिक्' होते. तेव्हा मला सगळे आठवले, आणि मित्रांनो, लोखंडाला लाज वाटत नाही असे कोणी म्हणाले तर मानू नका.

"भेग आहे," नॅडीन म्हणाली. "पण जुनी कशावरून?"

"दुकानातल्या प्रेसमध्ये घालून मोडू. आत पाहू."

ती त्याच्या गाडीत बसली, पण शाफ्ट तिने स्वतःच्या मांडीवर ठेवला. त्याने धरू का विचारले, तर "गाडी चालव" एवढेच म्हणाली. हे सगळे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले. दुकानातल्या प्रेसचा, म्हणजे लोखंड दाबून वाकवणाऱ्या यंत्राचा, दांडा तिनेच ओढला. दुसऱ्या ओढीला शाफ्ट काडीसारखा मोडला. तिने मोडलेले तोंड उजेडात धरले. अर्धे चांदीसारखे चकचकीत होते, आत्ता तुटलेले. उरलेले अर्धे तपकिरी होते, जुन्या गंजाचे. गंज काही एका दुपारी चढत नाही.

घरी आल्यावर तिने तो तुकडा माझ्यासमोर बाकावर ठेवला आणि स्टुलावर बसली.

"मी हा घेऊन पट्टीवर गेले असते," ती म्हणाली.

डेलबर्ट चौकटीत उभा होता. "हो."

"एकशे पंचवीस मैलांच्या वेगात."

"हो."

"म्हणून तुला माफ केलं, असं समजू नकोस."

"नाही समजत."

 "आत ये," ती शेवटी म्हणाली. "दारात उभा राहू नकोस भुतासारखा."

नवे घडीव शाफ्ट मागवले. खोके आले तेव्हा तिने ते स्वतः उघडले. दोन्ही शाफ्ट दोरीने टांगून हातोडीने वाजवले आणि मग डेलबर्टला म्हणाली, "आता तू वाजव. तुझे कान चांगले आहेत." त्याने वाजवून मान हलवली. ते मला बसवताना नट तो आवळायचा आणि तो आवळून बाजूला झाला की ती पाना लावून तपासायची. प्रत्येक नट.  शेवटच्या नटाला तिने पाना लावला, पण जोर न देताच काढून घेतला. डेलबर्टने ते पाहिले आणि फडक्याने उगाच हात पुसत राहिला.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगारदिनाच्या सुट्टीला, हॅडली क्रॉसिंगला शर्यत होती. तळलेल्या डुकराच्या मांसाचे सँडविच, जळक्या रबराचा वास, फळ्यांच्या बाकांवर निम्मा परगणा. सगळ्यांचे नवरे, बायका, भाऊ सुटायच्या रेषेपाशी उभे होते. डेलबर्ट तिथे नव्हता. तो पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला, गेल्या वर्षी ती जिथे आदळली होती त्या भिंतीच्या मागे. तिथे कोणी उभे राहत नाही, कारण तिथून काहीच धड दिसत नाही.

दिवा हिरवा झाला. इंजिनाने सगळा जोर एकदम माझ्या अंगावर टाकला. मला एव्हरेटचा चिखल आठवला आणि क्षणभर मी घाबरलो. पण पिनियन जागचा हलला नाही, दात दातांत नीट बसले आणि दोन्ही नव्या शाफ्टांनी जोर चाकांपर्यंत पोचवला. लाल कूपे नाक उचलून सुटली. पाव मैल. बारा सेकंदांच्या आत.

आम्ही हरलो. शेजारची हिरवी गाडी एका गाडीच्या लांबीने आमच्या पुढे होती. पण भिंत बाजूने सरळ निघून गेली आणि चाके फिरत राहिली.

परतीच्या रस्त्यावर नॅडीनने गाडी भिंतीपाशी थांबवली आणि काच खाली केली. डेलबर्टचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"पुढच्या वेळी भीती वाटली," ती म्हणाली, "तर तोंडाने सांग. असं आडून नको."

"सांगितलं तर थांबशील?"

"नाही."

"मग सांगून उपयोग काय?"

"उपयोग नसला तरी सांग." तिने दुसऱ्या बाजूचे दार उघडले. "बस आता. मागं लोक थांबलेत."

त्यानंतर ती आणखी सात वर्षे शर्यतीत उतरली. दोनदा जिंकली. लोक मला पाहायला गाडीखाली वाकायचे आणि म्हणायचे, "ह्याला काही होत नाही." नॅडीन लगेच म्हणायची, "होतं. म्हणून तर बघावं लागतं." ते ऐकून मला एव्हरेटच्या सगळ्या शाबासक्यांपेक्षा जास्त बरे वाटायचे.

मित्रांनो, आता मी आणि कूपे दोघेही ताडपत्रीखाली असतो. माझे तुमच्याकडे मागणे एवढेच आहे. जे तुमचे ओझे वाहते, त्याला वर्षातून एकदा तरी उघडून पाहा, मग तो भंगारातला डिफरन्शियल असो की सायकलची साखळी. नुसती स्तुती करून पुढे जाऊ नका. आणि कोणावर संशय आलाच, तर तो अकरा महिने उराशी बाळगू नका. खडू घ्या, रॉकेल घ्या, उजेडात धरा. माझा संशय डेलबर्टबद्दल एकदा खरा ठरला आणि एकदा खोटा. आणि दोन्ही वेळा मला काहीच कळले नव्हते, कारण मी फक्त पाहत होतो, तपासत नव्हतो.

दर वसंतात ते दोघे ताडपत्री काढतात. नॅडीन माझे बूच उघडून तेल बोटांत चोळते आणि डेलबर्ट त्या वर्षाची भीती बोलून दाखवतो, कारण तसे ठरले आहे. यंदा तो बराच वेळ घुटमळला.

"बोल," ती म्हणाली.

"तुझे डोळे. काल स्टोच्या वातीऐवजी चमच्याला काडी लावत होतीस."

नॅडीनने त्याला अशी एक शिवी दिली, जी मी इथे सांगू शकत नाही. मग तिने बूच घट्ट केले, हात पुसले आणि डोळ्यांच्या डॉक्टरला फोन करायला आत गेली.